वेबसाइट दिसते भारी, पण ऐकायला कशी आहे?

मागे एकदा मी स्वतःच बनवलेली साइट मॉनिटर बंद करून ऐकली. तीन आठवडे घासून घासून केली होती, मेनू बाजूने हळूच सरकत यायचा, फोटोवर माऊस नेला की नाव उमटायचं, पांढऱ्यावर फिकट राखाडी बारीक अक्षरं, सगळं कसं हवेशीर, ज्याला दाखवली तो म्हणाला भारी झालीय. मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पान बोलून दाखवणारा प्रोग्राम, चालू केला, मॉनिटर बंद केला आणि नुसता कीबोर्ड घेऊन बसलो. "लिंक, ग्राफिक, आयएमजी अंडरस्कोर चार पाच आठ दोन. लिंक, ग्राफिक, आयएमजी अंडरस्कोर चार पाच आठ तीन. क्लिकेबल. क्लिकेबल. आणखी वाचा, लिंक. आणखी वाचा, लिंक." मेनू कुठे गेला कळेना. माझीच साइट, कोपरा न् कोपरा पाठ, तरी संपर्काच्या पानावर जाता येईना. पाच मिनिटात वैतागून मॉनिटर लावला.

आता हे असं का होतं ते समजायला स्क्रीन रीडर करतो काय ते आधी बघू. बऱ्याच जणांना वाटतं की तो स्क्रीनवरचं चित्र बघून वाचतो. तसं नाही. ब्राउझर पानाच्या एचटीएमएलमधून, म्हणजे पान ज्या टॅगांनी लिहिलेलं असतं त्या कोडमधून, एक चित्र रंगवतो ते आपण बघतो, आणि त्याच एचटीएमएलमधून एक दुसरी यादीही बनवतो, तिला अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात, ती आपल्याला कधी दिसत नाही. त्या यादीत प्रत्येक गोष्टीबद्दल मुख्यतः तीन गोष्टी असतात, ही वस्तू काय आहे, तिचं नाव काय आणि आत्ता ती कुठल्या अवस्थेत आहे. म्हणजे "चेकबॉक्स, अटी मान्य आहेत, टिक केलेलं नाही" असं. स्क्रीन रीडर ही यादी बोलून दाखवतो, किंवा ब्रेल डिस्प्ले जोडलेला असेल तर बोटांखाली उमटवतो. तुम्ही ग्रेडियंट लावलाय, सावली दिलीय, बटनाचे कोपरे गोल केलेत, याची त्या यादीला खबरच नसते.

हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण लोक "दिसणं की अ‍ॅक्सेसिबिलिटी" (म्हणजे अंधांनाही वापरता येणं) असा तराजू धरून बसतात, एक पारडं वर गेलं की दुसरं खाली येणारच अशा थाटात. बहुतेक वेळा तराजू नसतोच. रूप सीएसएसमध्ये, म्हणजे रंग-आकार ठरवणाऱ्या वेगळ्या कोडमध्ये, राहतं, अर्थ एचटीएमएलमध्ये राहतो, दोघांची खोली वेगळी. हे ज्याला पटत नाही त्याने सीएसएस झेन गार्डन बघावं. २००३ साली डेव्ह शे नावाच्या डिझायनरने ते सुरू केलं, गंमत अशी की एचटीएमएल सगळ्यांना एकच, एक अक्षर बदलायचं नाही, फक्त सीएसएस आपापलं. कुणी जपानी चित्रासारखं पान केलं, कुणी जुन्या पोस्टरसारखं, कुणी समुद्राच्या तळासारखं, आणि स्क्रीन रीडरला मात्र प्रत्येक वेळी तेच नीट मथळे, तेच परिच्छेद ऐकू येणार. वीस वर्षं उलटून गेली तरी आपण अजून "सुंदर करायचं तर अंधांना सोडावं लागतं" म्हणतोय.

बघणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात अजून एक फरक आहे. तुम्ही पानावर नजर टाकता तेव्हा अख्खं पान एकदम येतं, मोठं काय, बाजूला काय, कशाकडे दुर्लक्ष करायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरतं. कानाला पान एका ओळीत येतं, एकामागून एक, जुन्या कॅसेटसारखं. म्हणून स्क्रीन रीडर वापरणारे उड्या मारतात. एनव्हीडीए किंवा जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये एच दाबलं की पुढचा मथळा, बी दाबलं की पुढचं बटन, टी दाबलं की पुढचं टेबल. नवीन पान उघडलं की आधी मथळ्यांवरून भराभर उड्या मारायच्या आणि पानाचा नकाशा डोक्यात बसवायचा ही सरावाच्या लोकांची पद्धत, आणि आवाजाचा वेग एवढा ठेवलेला असतो की शेजारी बसलेल्याला ओ की ठो कळत नाही. आता तुमच्या पानावर मथळे म्हणजे नुसतीच मोठी जाड केलेली अक्षरं असतील, खऱ्या एच वन एच टू टॅगमध्ये नसतील, तर एच दाबल्यावर उत्तर येतं, पुढे मथळा नाही. नकाशा गायब. उलटही होतं, एखाद्याला एच फोरचा साइज आवडतो म्हणून तो मुख्य मथळाच एच फोर करतो. साइज सीएसएसने हवा तेवढा करा ना, कोण अडवतंय, टॅग मात्र अर्थ बघून लावायचा.

बटनाचंही तेच, आणि माझ्या साइटवरचं ते "क्लिकेबल, क्लिकेबल" इथूनच आलं होतं. ब्राउझरचं बटन दिसायला जरा जुनाट असतं म्हणून आपण डिव्ह घेतो, त्याला रंग देतो, क्लिक जोडतो, झालं बटन. माऊसवाल्याला काही फरक पडत नाही. पण डिव्ह म्हणजे नुसता खोका, टॅब दाबून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, एंटर किंवा स्पेस दाबून तो चालत नाही, आणि स्क्रीन रीडर त्याला बटन म्हणत नाही. हे सगळं मागून जोडता येतं, रोल द्या, टॅबइंडेक्स द्या, दोन्ही कळा हाताने पकडा, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा खरा बटन टॅग घेऊन त्याची बॉर्डर आणि बॅकग्राउंड काढून टाकली तर चार ओळीत तो हवा तसा दिसतो आणि बाकी सगळं फुकटात मिळतं. वस्तू काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारे एरिया (ARIA) नावाचे जे खास अ‍ॅट्रिब्यूट असतात त्यांचाही पहिला नियम हाच आहे, की साध्या एचटीएमएलने काम होत असेल तर एरिया वापरू नका. चुकीचा एरिया लावण्यापेक्षा न लावलेला बरा, कारण स्क्रीन रीडर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, तुम्ही खुर्चीला टेबल म्हणालात तर तोही टेबलच म्हणणार.

मग खरोखरचं भांडण कुठे आहे? आहे ना. पहिलं म्हणजे रंगात. आणि इथे एक गैरसमज आधी काढतो, अंध म्हटलं की आपल्यासमोर ठार काळोख येतो, पण कितीतरी जणांना थोडं दिसतं, कुणाला धूसर, कुणाला फक्त मधलं नाहीतर फक्त कडेचं, कुणाला उजेड-अंधार एवढंच. यातले बरेच जण पान मोठं करून वाचतात, काही जण मोठंही करतात आणि सोबत आवाजही लावतात. त्यांच्यासाठी फिकट राखाडी अक्षर म्हणजे कोरा कागद.

याचं गणित वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नावाच्या नियमावलीत आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये काढली, दुसरी २००८ मध्ये, मग २०१८ ला २.१ आणि २०२३ ला २.२. त्यात अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर मोजतात, पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १:१, पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. साध्या मजकुराला किमान ४.५:१ पाहिजे, मोठ्या मजकुराला, म्हणजे १८ पॉइंटपासून किंवा ठळक असेल तर १४ पॉइंटपासून पुढे, ३:१ चालतं. ४.५ हा आकडा हवेतून आलेला नाही, नीट दिसणाऱ्याला ३ पुरतो असं धरलं आणि चष्म्याच्या तपासणीत ज्याला ६/१२ म्हणतात तेवढी नजर कमी झाली की कॉन्ट्रास्ट ओळखायची ताकद साधारण दीडपट घटते, म्हणून ३ गुणिले दीड. पांढऱ्यावर राखाडीचा हॅश ७६७६७६ हा कोड या परीक्षेत काठावर पास होतो, ४.५४ येतो, आणि हॅश ७७७७७७ नापास होतो, ४.४८. तुमच्या डोळ्यांना या दोघांत काडीचा फरक दिसणार नाही, पण रेषा कुठेतरी ओढावी लागते, ती इथे ओढलीय.

डिझायनरला हा नियम जाचक वाटतो हे मला कळतं, मलाही वाटायचा. पण फिकट राखाडी आपण वापरतो कशासाठी? तर हे कमी महत्त्वाचं आहे हे दाखवायला. ते दाखवायला दुसरे मार्ग आहेत, अक्षर बारीक वजनाचं करा, साइज एक पायरी खाली आणा, आजूबाजूला मोकळी जागा सोडा. ब्रँडचा रंग पिवळा किंवा नारिंगी असेल तर मात्र त्रास होतो, नारिंगी बटनावर पांढरी अक्षरं सगळ्यांनाच आवडतात आणि बऱ्याचदा नापास होतात. तिथे अक्षरं गडद करा, नारिंगी तसाच राहू दे. क्लायंट आठवडाभर कुरकुरतो, नंतर विसरतो. हे दुखणं किती पसरलंय याचा अंदाज हवा असेल तर वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज मशीनने तपासते, २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर नियमावलीतल्या चुका सापडल्या आणि सगळ्यात जास्त सापडलेली चूक म्हणजे हाच कमी कॉन्ट्रास्ट, ८१ टक्के पानांवर. म्हणजे जी चूक दुरुस्त करायला एक कोड बदलावा लागतो, तीच सगळ्यात जास्त.

दुसरं भांडण फोकसच्या चौकटीचं. टॅब दाबत गेलं की आपण आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी एक चौकट ब्राउझर काढतो, ती डिझायनरला रुचत नाही, मग कुणीतरी सीएसएसमध्ये आउटलाइन नन, म्हणजे चौकट नको, असं लिहून टाकतं आणि कीबोर्डवाल्याचा कर्सरच नाहीसा होतो. ज्याला अजिबात दिसत नाही त्याला फरक पडत नाही, पण कमी दिसणारा जो कीबोर्ड वापरतो तो पानावर हरवतो. आता फोकस व्हिजिबल म्हणून सोय आहे, बटनावर माऊसने क्लिक केलं तर चौकट येत नाही, कीबोर्डने आलात तरच येते, आणि ती तुमच्या रंगात, तुमच्या जाडीची करता येते. वाद मिटला.

आता फोटो. यावर जरा थांबतो, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, मीही घातलाय. प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट असतं, म्हणजे फोटोच्या जागी बोलायचा मजकूर. ऑल्ट द्यायचं विसरलात तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचतो, विशेषतः फोटो लिंकमध्ये असेल तर, आणि माझं ते आयएमजी अंडरस्कोर चार पाच आठ दोन तिथूनच आलं. पण ऑल्टमध्ये लिहायचं काय? फोटोत काय आहे ते, असं सगळे सांगतात, आणि ते अर्धंच बरोबर आहे. फोटो त्या जागी काय काम करतोय ते लिहायचं. समजा एका खुर्चीचा फोटो आहे. ती खुर्ची विकायच्या पानावर असेल तर "लाकडी खुर्ची, वेताची पाठ, हात नसलेली" असं लिहा, कारण घेणाऱ्याला तेच जाणून घ्यायचंय. तोच फोटो बसून काम करणाऱ्यांच्या पाठदुखीवरच्या लेखात वर शोभेला लावलाय, तर ऑल्ट रिकामं ठेवा, ऑल्ट बरोबर आणि दोन अवतरण चिन्हं, मध्ये काही नाही, मग स्क्रीन रीडर तो फोटो गुपचूप सोडून पुढे जातो. रिकामं ऑल्ट आणि ऑल्टच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलं म्हणजे "सोड, महत्त्वाचं नाही", दुसरं म्हणजे "मला माहीत नाही, तूच बघ". तोच खुर्चीचा फोटो दाबल्यावर सगळं फर्निचर उघडत असेल तर ऑल्ट "सगळं फर्निचर". आणि भिंगाच्या चिन्हाला "भिंग" नाही म्हणायचं, "शोधा" म्हणायचं. "फोटो:" अशी सुरुवात पण नको, ग्राफिक हे स्क्रीन रीडर आधीच म्हणालेला असतो.

चिन्हांवरून आठवलं, नुसतं चिन्ह असलेली बटनं डिझायनरांना फार प्रिय, तीन आडव्या रेघा, फुली, हृदय. ती तशीच ठेवा. बटनाच्या आत नाव लिहा आणि ते सीएसएसने एका पिक्सेलमध्ये कापून डोळ्यांपासून लपवा, नावं वेगवेगळी आहेत पण बहुतेक फ्रेमवर्कमध्ये याचा तयार क्लास असतो. मात्र डिस्प्ले नन करून लपवलंत तर ते स्क्रीन रीडरपासूनही लपतं, ही चूक मी दोनदा केलीय. "आणखी वाचा" चंही तसंच, डोळ्यांना "आणखी वाचा" एवढंच दिसू दे, पण लपवलेल्या भागात कशाबद्दल ते असू दे, कारण लोक पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी उघडून त्यातून निवडतात आणि त्या यादीत नऊ वेळा "आणखी वाचा" आलं तर निवडणार काय.

फॉर्ममध्ये रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरात लिहायची फॅशन आली, बाहेरचं लेबल काढून टाकलं, दिसायला स्वच्छ. टाइप करायला लागलं की ते नाव उडतं, मग दिसणाऱ्यालाही आठवत नाही की इथे मोबाइल नंबर भरायचा होता की पिनकोड. लेबल ठेवा. फारच खुपत असेल तर टाइप केल्यावर वर सरकणारं लेबल करा, ते चांगलं दिसतं. आणि चूक झाली की नुसती लाल बॉर्डर देऊन भागत नाही, काय चुकलं ते शब्दात पाहिजे, तो मजकूर त्या रकान्याला जोडलेला पाहिजे. कोपऱ्यात दोन सेकंद चमकून जाणारा "सेव्ह झालं" चा निरोप कानाला येतच नाही, त्याच्यासाठी एरिया लाइव्ह लावावं लागतं, तेही पोलाइट, म्हणजे चालू वाक्य संपल्यावर बोलणारं. असर्टिव्ह लावलंत तर ते मध्येच तोडून बोलतं, ते फक्त आग लागल्यावर वापरायचं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवायच्या. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा एमआर म्हणून सांगा, टेम्प्लेटमधून आलेलं ईएन तसंच राहिलं तर इंग्रजी आवाज देवनागरीवर धडकतो आणि काहीही बोलतो किंवा गप्पच बसतो. आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर पानावर टाकू नका, तो डोळ्यांना मराठी दिसतो पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो, स्क्रीन रीडर तो कचराच वाचतो. सुंदर सुलेखनातलं अख्खं पत्रक एकाच इमेजमध्ये टाकणंही तेच, आता वेबफॉन्टमध्ये देखणी देवनागरी मिळते, अक्षरं अक्षरं म्हणूनच टाका. मोठी करायला गेलात तर ती फाटतही नाहीत.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, वेगळी साधी टेक्स्ट आवृत्ती देऊन टाकू. पूर्वी हे खूप चालायचं. पण दुसरी आवृत्ती कुणी अपडेट करत नाही, सहा महिन्यांत ती शिळी होते, आणि ज्याला ती वापरावी लागते त्याला मागच्या दाराने आत घेतल्यासारखं होतं. एक ओळ कोड टाका आणि साइट अ‍ॅक्सेसिबल करा असं सांगणारे विजेटवालेही फिरतात, कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येतं, अक्षर मोठं करायचं बटन येतं. ज्याला स्क्रीन रीडर लागतो तो स्वतःचा घेऊनच आलेला असतो, त्याला तुमच्या विजेटची गरज नाही, आणि आतला डिव्हचा पसारा आहे तसाच राहतो. कोर्टकचेरीच्या भीतीने हे घेणारे खूप आहेत. भीती अगदीच खोटी नाही म्हणा, २००० च्या सिडनी ऑलिंपिकची साइट ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाला वापरता येईना, फोटोंना ऑल्ट नव्हतं, निकालांची टेबलं वाचता येत नव्हती, त्याने तक्रार केली आणि आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लागली. तेव्हा विजेट नव्हते, ऑल्टची सोय मात्र होती.

तपासायचं कसं, तर मशीनचे स्कोअर बघा पण त्यावर झोपू नका, ऑल्टमध्ये "फोटो एक" लिहिलंत तरी मशीन खूश होतं, ऑल्ट आहे ना. आधी माऊस बाजूला ठेवून फक्त टॅबवर अख्खी साइट फिरा. पान ४०० टक्के मोठं करून बघा आडवं सरकवावं लागतं का. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, फुकट आहे, आयफोन असेल तर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइड असेल तर टॉकबॅक आधीच त्यात असतं. स्क्रीन काळी करा आणि एकच काम ठरवून करा, उदाहरणार्थ संपर्काचा फॉर्म भरून पाठवणे. आणि मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला पैसे देऊन बसवा, कारण आपण डोळे मिटून केलेली तपासणी म्हणजे पोहायला पहिल्यांदा उतरलेल्याने पाण्याबद्दल मत देणं.

मी तसं केलं. साइट सगळी नीट केली, प्रत्येक फोटोला ऑल्ट, प्रत्येक चिन्हाला नाव, प्रत्येक कप्प्याला लेबल, मोठ्या ऐटीत एका ओळखीच्याला दिली, तो जन्मापासून अंध, कामाला प्रोग्रामर. त्याने हेडफोन लावला, दोन मिनिटं कळा दाबत राहिला आणि म्हणाला, "अरे, ही बाई फार बोलते रे." मी शोभेच्या ठिपक्यांनाही "सजावटीचा निळा ठिपका" असं ऑल्ट दिलं होतं, मेनूच्या लेबलमध्ये "मेनू" लिहिलं होतं त्यामुळे "मेनू मेनू नेव्हिगेशन" ऐकू येत होतं, आणि लोगोचं वर्णन दोन वाक्यांचं होतं. त्याच्यासमोर बसून काढत गेलो. ठिपके गेले, लाटेसारखी रेघ गेली, लोगोचं एका शब्दावर आलं. डोळ्यांना दिसणाऱ्या पानात एक पिक्सेल हलला नाही. परत हेडफोन लावून तो पहिल्या मथळ्यावर गेला, तिथून फॉर्मवर, नाव भरलं, पाठवलं, आणि मग विचारलं, "रंग कुठला ठेवलायस पण?"